मदत हवी आहे: मॉडेल रेल्वेचं मॉड्यूल घरी चालतं, क्लबात जोडलं की शॉर्ट!

घाटमाथा:
परवा क्लबच्या बैठकीत माझं पहिलंवहिलं मॉड्यूल (रूळ आणि देखावा बसवलेला सुटा भाग, असे सगळ्यांचे जोडून मोठा मार्ग होतो) लावलं आणि सगळ्यांच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. काढलं की सुरू, लावलं की बंद. घरी तेच मॉड्यूल दोन्ही ट्रॅकवर मस्त चालतं! जानेवारीत वेस्ट स्प्रिंगफिल्डला (मॅसॅच्युसेट्स, अमेरिका) मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन आहे, त्याआधी एकच बैठक उरलीय. नुसता कडा कोरण्यात तीन महिने घालवलेत (खंडाळ्याचा घाट, मंकी हिलच्या बाजूचा). जाणकारांनी लवकर सांगा.

रूळवेडा:
स्केल कुठलं, एन (१:१६०) की एचओ (१:८७)? साधा डीसी की डिजिटल डीसीसी? मॉड्यूल कुठल्या पद्धतीचं? आणि 'लावलं' म्हणजे फक्त रूळ जोडले की वायरसुद्धा?

घाटमाथा:
एन, आणि टी-ट्रॅकच, दुसरं काय असणार! काटो कंपनीचे रूळ, डबल मॉड्यूल, लांबी ६१८ मिमी.

जुना_गार्ड:
दुसरं बरंच काही असतं. एनट्रॅक आहे, फ्री-मो आहे. असो. ते प्लास्टिकच्या खडीचे रूळ आधी उचकटून फेका. फ्लेक्स ट्रॅक (हवे तसे वाकणारे रूळ) घ्या, दर तुकड्याला खालून वायर डाखा. जन्मात शॉर्ट होणार नाही.

अंजू_जर्सीकर:
गार्डकाका, टेबलावर ठेवायचं आणि खटकन जोडायचं, यासाठीच तर टी-ट्रॅक. फ्लेक्स लावून शेजारच्या मॉड्यूलला जोडणार कसं?

जुना_गार्ड:
दोन्ही टोकांना काटोचा एकेक तुकडा ठेवायचा. मी केलंय म्हणून सांगतोय.

अंजू_जर्सीकर:
केलं असेल हो, पण त्याचा शॉर्टशी काय संबंध?

पक्या_बदलापूर:
झकास धागा! फोटो टाका की. बाकी घाटात तीन मार्ग आहेत, तुमच्याकडे दोनच? आणि ३७ ला १ चा चढ कसा दाखवलात?

घाटमाथा:
चढ नाही, टी-ट्रॅकला टोकं सपाटच लागतात. फोटो नंतर. आधी शॉर्टचं बघा ना कुणीतरी.

रूळवेडा:
माझे दोन प्रश्न तसेच आहेत.

घाटमाथा:
सॉरी. क्लबात डीसीसी. आणि गंमत म्हणजे माझी वायर मी कशालाच लावली नव्हती, ती खाली लोंबत होती. फक्त रूळ जोडले, तरी शॉर्ट!

रूळवेडा:
आता कळलं. घरी दोन्ही ट्रॅकच्या वायरी एकत्र केल्यात का? निळ्याला निळी, पांढरीला पांढरी?

घाटमाथा:
हो, एकच कंट्रोलर आहे ना घरी. दोन्हीकडे पुढच्या रुळाला निळी. चुकलं का?

रूळवेडा:
तिथंच चुकलं. टी-ट्रॅकमध्ये प्रेक्षकांकडून मागे मोजत गेलं की क्रम निळी-पांढरी-पांढरी-निळी. तुमचा झाला निळी-पांढरी-निळी-पांढरी. घरी एकटं मॉड्यूल असताना काहीच बिघडत नाही. क्लबात मात्र शेजारच्या मॉड्यूलची पांढरी तुमच्या मागच्या ट्रॅकच्या निळ्या रुळात शिरते आणि तुमच्याच जोडणीतून पुढच्या ट्रॅकच्या निळीला भेटते. वायर कशाला लावा न लावा, शॉर्ट ठरलेला.

अंजू_जर्सीकर:
+१. टोकाला ट्रॅक वळवून पुढचा मागच्याला जोडला की बाहेरचा रूळ बाहेरचाच राहतो, म्हणून तो क्रम. मल्टीमीटर बीपवर ठेवून (दोन रूळ आतून जोडलेले असले की वाजतो) सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा रूळ तपासा. वाजायला हवं.

जुना_गार्ड:
माझ्या पद्धतीत ही भानगडच नाही.

अंजू_जर्सीकर:
काका, वायर उलटी डाखली तर तुमच्यातही होईल!

गेज_पंडित:
मुळात ब्रॉडगेज १६७६ मिमी. १:१६० ला साधारण साडेदहा येतात, तुमचे रूळ ९ मिमी. म्हणजे घाट खंडाळ्याचा आणि गेज अमेरिकेचं.

पक्या_बदलापूर:
मग ९ मिमीवर नेरळ-माथेरान करावं काय? गेज दोन फूट, म्हणजे स्केल?

गेज_पंडित:
साधारण १:६८. त्या मापाचं तयार काही मिळायचं नाही. लोक १:८७ वर भागवतात.

घाटमाथा:
तपासलं. पुढच्या-मागच्यावर वाजत नाही, मधलाच भलता वाजतोय. मागच्या ट्रॅकच्या दोन वायरींची अदलाबदल करतोय आत्ता. कड्याखाली हात जात नाहीये, प्लास्टर थोडं फोडावं लागणार.

पक्या_बदलापूर:
फोडण्याआधी फोटो!