सुतार पक्ष्याच्या फोटोंसाठी कोणती लेन्स घ्यावी?

पानगळ: क्रॉप (लहान) सेन्सरचा जुना कॅमेरा आणि ५५-२५० मिमी लेन्स आहे. सुतार नेमका खोडाच्या पलीकडे असतो. अलीकडे आलाच तर फोटोत डोकं हललेलं. वापरलेली लेन्स सुचवा. महागड्या प्राइम (झूम नसलेल्या) नकोत, बजेट नाही.

गिधाडराव: ५०० एफ/४ घ्या. मी तीच वापरतो. एकदाच काय तो खर्च.

शेवाळ: अहो, बजेट नाही म्हणतायत ना! १५०-६०० बघा. वजन दोन किलोच्या आसपास, माझ्या खांद्याला विचारा. मोनोपॉड (एकपायी स्टँड) लागेलच.

भटकभवानी: लेन्स राहू द्या. त्याच्या मागे खोडाभोवती फिरलात की तोही सरकतो, दिवसभर चालेल हा खेळ. एका जागी गप्प उभं राहा. तो चढत चढत वर जातो, मग बरेचदा उडून शेजारच्या झाडावर खाली बसतो आणि पुन्हा चढायला लागतो. तिथे आधीच फोकस लावून ठेवा. बुंध्याशी ताज्या ढलप्या पडलेल्या दिसल्या तर वर ढोलीचं काम चालू असू शकतं. मग लांबच थांबा.

गिधाडराव: ५०० असली की लांबूनच मिळतो.

कॅमेरावेडा: शटर किती ठेवता? ड्रमिंग करताना, म्हणजे खोडावर चोचीने ताल धरताना, काही जाती सेकंदाला २० च्या आसपास ठोके मारतात. १/२००० सेकंदापेक्षा हळू नको. आणि सायलेंट मोड बंद! त्यातल्या इलेक्ट्रॉनिक शटरने माझ्या फोटोत चोच वाकडी आली होती.

शेवाळ: शटरला +१. पण मला १/२५० आवडतो. शेपटी खोडाला टेकवून अंग स्थिर असतं, फक्त डोकं धूसर. मोनोपॉड मात्र हवाच.

टकटक्या: एवढं कशाला? मोबाइलवर त्याचा आवाज लावा, धावत येतो.

भटकभवानी: कृपया नको! दुसरा नर हद्दीत घुसला असं वाटून येतो तो. पिल्लांना भरवायचं सोडून तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो.

टकटक्या: सगळेच लावतात.

भटकभवानी: म्हणून तुम्हीही?

कॅमेरावेडा: अवांतर पुरे. पाठीमागे उजळ आकाश असेल तर एक्सपोजर +१ करा, नाहीतर पक्षी काळा ठिक्कर.

पानगळ: सर्वांचे आभार. वापरलेली ७०-३०० घेतली. हलकी आहे, थांबायची तयारीही आहे. गिधाडराव, तुमच्या ५०० चे फोटो टाका की.

गिधाडराव: २५० वरून ३००?? आधी ती परत करा, मग फोटोंचं बघू.