यान उतरलं, टेकलं की आदळलं?

कोथरूडहून
२३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अवकाश दिनासाठी आमच्या शाळेत प्रदर्शन आहे. नववीच्या मुलांनी मोहिमांचे तक्ते केलेत. माहिती चोख, चित्रं सुरेख, पण क्रियापद सगळीकडे एकच: 'लँडिंग झाले'. चंद्रयान-३ चं लँडिंग, बेन्नू लघुग्रहावर लँडिंग, डार्ट यानाचंसुद्धा लँडिंग. 'अवतरण' सुचवून पाहिलं, तर मुलांना आधी अवतरणचिन्ह आठवलं. छापायला जाण्याआधी तक्त्यांवर चांगलं मराठी यावं असं फार वाटतं. काय लिहावं?

पाषाणहून
ताई, सगळीकडे चालेल असं एक नाम शोधू नका. तिथे काय घडलं ते पाहा आणि त्याचं क्रियापद घ्या.

'उतरणे' या शब्दात ताबा आहे. जिना उतरणारा, घोड्यावरून उतरणारा स्वतःच्या पायांवर उभा राहतो. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चा चंद्रावर उतरणारा भाग, विक्रम, असाच उतरला. इंजिनांनी वेग कमी करत आणला, खालचे खाचखळगे टाळून जागा निवडली, मग चारही पाय जमिनीला लागले. पुढे ३ सप्टेंबरला इंजिनं पुन्हा पेटवून तो सुमारे ४० सेंटिमीटर वर उठला आणि जरा बाजूला परत उतरला. इथे 'अलगद उतरला' एवढं पुरे. 'मृदू अवतरण' कोणी बोलत नाही.

बेन्नूवर मात्र कोणी उतरलंच नाही. २० ऑक्टोबर २०२० ला ओसायरिस-रेक्स यानाने लांब हात पुढे केला, त्याचं टोक सहाएक सेकंद त्या लघुग्रहाला लागलं, नायट्रोजनच्या झोताने उडालेले खडे आणि धूळ गोळा झाली आणि यान मागे फिरलं. शिवाशिवीत गड्याला हात लावून पळावं तसं. म्हणून मी 'बेन्नूला शिवून आलं' असं लिहीन. २४ सप्टेंबर २०२३ ला त्याची कुपी पॅराशूटने युटाच्या वाळवंटात उतरली, तीत १२१.६ ग्रॅम ऐवज निघाला.

आणि डार्ट तर धडकवलं. २६ सप्टेंबर २०२२, वेग सेकंदाला सहा किलोमीटरहून जास्त. ज्यावर ते धडकवलं तो डायमॉर्फोस हा छोटा लघुग्रह डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारायचा. धडकेनंतर ती फेरी सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. लघुग्रहाची वाट बदलता येते का, हे पाहण्यासाठीच ते यान पाठवलं होतं. 'लँडिंग' लिहिलं की मोहिमेचा सगळा हेतू पुसला जातो.

सदाशिव पेठेतून
'धडकवलं' मधला 'व' जपा. चंद्रयान-१ ने नेलेला, तिरंगा रंगवलेला मून इम्पॅक्ट प्रोब १४ नोव्हेंबर २००८ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळवला. चंद्रयान-२ चा विक्रम ७ सप्टेंबर २०१९ ला आदळला. एक मुद्दाम, एक नाइलाजाने. एवढा फरक मराठी एका अक्षरात सांगते. २०१९ साली 'हार्ड लँडिंग' हा शब्द फिरत होता, तो मला तेव्हाही पटला नाही. आदळणं हा उतरण्याचा कडक प्रकार नव्हे.

विमाननगरहून
'लँडिंग' विमानांमुळे घरोघरी पोचलाय. मुलांना समजतो. राहू द्या की.

हडपसरहून
'लँडिंग' राहिला तरी चालेल, पण शाळेच्या तक्त्यावर 'शिवून आलं' नको, असं मनापासून वाटतं. शिवाशिव, विटाळ, 'शिवू नकोस' हे आमच्या आजीच्या पिढीने कानांनी ऐकलंय, अंगावर झेललंय. खेळातली शिवाशिवी मलाही आवडते, पण हा शब्द वाचणाऱ्या प्रत्येकाला खेळच आठवेल असं नाही. 'टेकून उठलं' घ्या. दारातल्या माणसाला आपण 'जरा टेका' म्हणतो, त्यात लगेच उठणं गृहीत असतं.

पाषाणहून
तुमचं म्हणणं मान्य. 'शिवून' मागे घेतो.

'टेकून उठलं' हायाबुसा-२ ला अगदी चपखल बसतं. ते २०१९ मध्ये र्‍युगू लघुग्रहावर दोनदा टेकलं, दोनदा उठलं आणि २०२० च्या डिसेंबरात ५.४ ग्रॅम नमुना पृथ्वीवर पोचला. बेन्नूसाठी मात्र थोडं अडतं, कारण टेकायला खाली आधार लागतो. बेन्नूचा पृष्ठभाग इतका भुसभुशीत निघाला की यानाचा हात सुमारे अर्धा मीटर आत गेला. इंजिनांनी मागे ओढून घेतलं नसतं तर यान आणखी खोल गेलं असतं. तिथे 'हात रुतला आणि यान परतलं' असंच लिहा. एवढ्या शब्दांत लघुग्रह कसा आहे तेही कळतं, कुठलं नाम ते सांगणार नाही.

औंधहून
यादीत माझी भर. फिली हे छोटं युरोपीय यान १२ नोव्हेंबर २०१४ ला धूमकेतूवर टेकलं, पण धरून ठेवणारे भाले सुटलेच नाहीत, म्हणून उसळलं. जवळजवळ दोन तास तरंगत राहिलं, नंतरही टप्पा खाल्ला आणि सावलीत जाऊन अडकलं. जपानचं स्लिम जानेवारी २०२४ मध्ये चंद्रावर ठरल्या जागेपासून ५५ मीटरवर पोचलं, पण डोकं खाली. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचं ओडिसियस चंद्रावरच पाय मोडून कलंडलं. आणि मंगळावर १८ फेब्रुवारी २०२१ ला पर्सिव्हिअरन्स बग्गी वर तरंगणाऱ्या इंजिनांच्या चौकटीने दोरांनी खाली सोडली. विहिरीत पोहरा सोडतो तेच 'सोडणे'.

कोथरूडहून
तक्ते पुन्हा लिहायला घेतले. मुलं आता क्रियापदांवरून भांडताहेत, त्यासाठी तरी मोहिमेची माहिती परत वाचताहेत. एकच राहिलं: सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१. बातम्यांत 'एल१ बिंदूवर स्थिरावलं' असं वाचलं होतं. ते चालेल?

पाषाणहून
नको ताई. एल१ हा सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधला एक बिंदू. ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या त्या भागात पोचलं, पण बिंदूवर थांबलेलं नाही, बिंदूभोवती फिरतंय. पहिली फेरी १७८ दिवसांत झाली. 'एल१ भोवती घिरट्या घालतं' लिहा. आणि त्यावरची सूट ही सूर्याचे अतिनील फोटो घेणारी दुर्बीण गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली, ही ओळ मोठ्या अक्षरात घ्या. आपल्या गावातली मुलं तो तक्ता वाचणार आहेत.