जुन्या चित्रांतील खाद्यविक्रेत्यांवर कितपत विसंबावे?

प्रश्न (शहादा)
दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गोडीशेव आणि गुळाची जिलेबी विकणाऱ्यांची छायाचित्रे मी जमवत आहे. त्यांच्यासोबत रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांची जुनी चित्रेही प्रदर्शनात मांडावीत, असा विचार आहे. परंतु कंपनी शैलीच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात भारतीय चित्रकारांनी इंग्रज गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या, पुष्कळशा चित्रांत विक्रेता कोऱ्या पार्श्वभूमीवर एकटाच उभा दिसतो. त्या काळच्या बाजाराचा पुरावा म्हणून ती चालतील का?

उत्तर १ (धुळे)
चालतील, पण बाजाराचा नव्हे, तर विक्रेत्याच्या सामानाचा पुरावा म्हणून. पाटण्याला एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या धंद्यांच्या चित्रांचे संच तयार होत. इंग्रज अधिकारी ते आठवण म्हणून विकत घेत आणि एका पानावर एकच धंदा दाखवायचा असल्याने गिऱ्हाईक, शेजारचे दुकान, रस्ता हे सारे गळून जाई. सामान मात्र चित्रकार रोज डोळ्यांसमोर पाहत असे. म्हणून टोपली डोक्यावर आहे की कावडीत, माल तराजूने तोलला जातो की नगावर दिला जातो, इकडे बारकाईने पाहावे. एक सावधगिरी अवश्य बाळगावी: मागणी असलेली चित्रे पुन्हा पुन्हा उतरवली जात, त्यामुळे दहा संचांत एकच भजीवाला दिसला तरी ते दहा पुरावे ठरत नाहीत.

उत्तर २ (जळगाव)
बाजार हवा असेल तर आपल्या शेजारीच अजिंठा आहे. लेणे क्रमांक १७ मधील विश्वंतर जातकात (बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेच्या चित्रात) राजपुत्राचा रथ बाजारपेठेतून जातो आणि मागे दुकानदार बसलेले दिसतात. ते फेरीवाले नव्हेत, आणि कथाही राजपुत्राची आहे. तरीही पाचव्या शतकातील चित्रकाराला पेठ दाखवल्यावाचून नगर पुरे वाटले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

उत्तर ३ (भुसावळ)
तुलनेसाठी जपानचा एकोणिसाव्या शतकातील चित्रकार हिरोशिगे याचे ताकानावा (आजच्या टोकियोतील एक भाग) येथील चंद्रदर्शनाच्या रात्रीचे चित्र जरूर पाहावे. समुद्रकाठी लोक चंद्रोदयाची वाट पाहत आहेत आणि सुशी, तेंपुरा विकणाऱ्या टपऱ्या गर्दीत ओळीने लागल्या आहेत. सणाच्या निमित्ताने लोक कुठे जमतात आणि विक्रेता कुठे जागा धरतो, हे त्यातून कळते. आपल्या यात्रेच्या छायाचित्रांशेजारी मी तरी एकट्या विक्रेत्याच्या चित्राआधी हेच लावीन.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. कंपनी शैलीची चित्रे आता सामानाच्या फलकावर जातील आणि प्रत्येकाखाली ते कोणासाठी काढले होते, हे लिहीन.