शब्दचर्चा: मेंदूतलं 'लेझन'

कोथरूडची अनुवादक: मेंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांचं माहितीपत्रक मराठीत करतेय. फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कुठला भाग कुठलं काम करतो ते दाखवणारा), ट्रॅक्टोग्राफी (मेंदूतल्या तंतूंच्या वाटांचा नकाशा) तसंच ठेवलंय. अडलंय 'लेझन'पाशी, म्हणजे तपासणीत दिसणारी कुठलीही बिघडलेली जागा. 'गाठ' लिहिलं, डॉक्टरांनी खोडलं. आणि 'इलोक्वंट एरिया'? 'वाक्चतुर भाग' लिहून माझं मलाच हसू आलं.

शनिवारपेठी: व्रण. सुश्रुतापासून चालत आलेला शब्द आहे.

खवचट: नाना, मराठीत व्रण म्हणजे जखम भरल्यावर उरते ती खूण. पेशंट म्हणेल, बरं झालंय की मग!

शनिवारपेठी: मग विक्षती.

खवचट: ती हिंदीवाल्यांकडे सुखात आहे, राहू द्या तिथेच.

फिल्मवाचक: गाठ खोडली ते योग्यच. एमआरआयमध्ये उजळ कडं दिसलं तर ती क्षयाची गाठ असू शकते, फीतकृमीची अळी असू शकते, ट्यूमरही. पहिल्या दोन्हींवर बहुतेकदा औषधं पुरतात. स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे त्या जागेतली रसायनं मोजणाऱ्या तपासणीत, कोलीन वाढलेलं आणि एनएए हे निरोगी चेतापेशींतलं रसायन घटलेलं असेल, तर ट्यूमरचा संशय बळावतो. जुन्या पक्षाघाताच्या झटक्यानं मेलेली जागा, तेही लेझनच. शब्द मोघम आहे आणि तसाच हवा. पेशंटशी बोलताना आम्ही सरळ 'डाग' म्हणतो. आणि ताई, इलोक्वंट म्हणजे फक्त वाचेचा भाग नव्हे. हातपाय हलवणारा, दृष्टीचा भागही त्यात येतो. तिथं धक्का लागला की माणसात लगेच काहीतरी कमी झालेलं दिसतं.

औंधकर: माझ्या मामांच्या वेळी सर्जननी स्क्रीनवर ट्रॅक्टोग्राफीतले रंगीत दोरे दाखवले होते. वर-खाली जाणारे निळे, डावी-उजवीकडचे लाल, मागे-पुढे जाणारे हिरवे. उजव्या हाताकडे जाणारा निळा जुडगा डागानं एका अंगाला रेटला होता. "ह्या बाजूनं शिरायचं नाही," एवढंच म्हणाले. पण कवटी उघडली की मेंदू जरा खाली बसतो, आधी काढलेला नकाशा हलतो. म्हणून ऑपरेशनमध्ये मामांना जागं ठेवून, वाचा शाबूत आहे ना ते पाहायला, चित्रं ओळखायला लावली. बैल दाखवला तर म्हणाले, "आमचा सर्जा!" उत्तर बरोबर धरलं की नाही, ते अजून विचारतात.

शनिवारपेठी: दोरे काय, तंतुमार्ग म्हणा. आणि 'डाग' फारसी. सावरकरांनी 'महापौर' दिला, रुळला की नाही?

फिल्मवाचक: रुळला. पण महापौरांना कुणी घाबरत नाही. रिपोर्ट हातात घेतलेल्या माणसाला तिथल्या तिथे कळलं पाहिजे.

खवचट: शिवाय फारसी 'दाग़' आणि आपला 'दाह' एकाच कुळातले. चुलतभावाला परका म्हणू नका.

पेठेतली सून: आमच्या आजेसासूबाई 'अंगावर चार डाग आहेत' म्हणायच्या, ते सोन्याचे. त्यांच्या हाती हे पत्रक पडलं असतं तर खूशच झाल्या असत्या.

कोथरूडची अनुवादक: इलोक्वंटचं सांगा ना कुणीतरी. 'कळीचा भाग' चालेल?

शनिवारपेठी: मर्म! सुश्रुतानं १०७ सांगितलीत.

फिल्मवाचक: नाना, त्यातली बहुतेक हातापायांत आणि धडावर आहेत. इथं सगळा मामला कवटीच्या आतला.

औंधकर: भांड्याला डाग देतात तो कुठला? तोही फारसीच?

पेठेतली सून: तो डाग नव्हे, डाख. तांबट आळीत जाऊन डाग मागाल तर हसतील.

औंधकर: आमच्याकडे डागच म्हणतात.

शनिवारपेठी: म्हणत असाल. औंधात कल्हईवाले होतेच कुठे?