मदत हवी आहे: पहिलीसाठी आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) खासगी शाळा, महापालिकेची शाळा की घरीच? (नागपूर)

मानेवाड्यात भाड्याने राहतो, मुलगी पहिलीत जाणार. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज भरताना नकाशावर घराची खूण चुकली तर शाळेचं अंतर बदलतं आणि पडताळणीत प्रवेश जातो. मग खूण नेमक्या दारावर लावायची की गल्लीच्या तोंडाशी? भाडेकरार नोंदणीकृत हवा, तो अर्जाच्या आधीच्या तारखेचाच लागतो ना? फीमाफी आठवीपर्यंतच, मग नववीत तुम्ही काय केलं?

महापालिकेच्या शाळेत पुस्तकं, दुपारचं जेवण मिळतं. पण दोन वर्ग एकाच शिक्षकाकडे तर नाहीत, हे आधी कसं बघायचं?

घरी शिकवलं तर एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. मध्येच शाळेत घालायचं झालं तर आरटीईच्या कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्ग मिळायला हवा. दाखला नसताना इथल्या शाळा खरंच घेतात का?