एकीला दुसरीचे सांगायचे नाही, तरी दोघींची गाठ घालून द्यायची आहे

विचारणा : आशा कार्यकर्ती, मंगळवेढा तालुका

माझ्या गावातल्या दोन मातांनी आपण एचआयव्हीसह जगत असल्याचे वेगवेगळ्या वेळी स्वतःहून मला सांगितले आहे. एकीचे मूल तीन वर्षांचे असून त्याचा अठराव्या महिन्यातला अहवाल निगेटिव्ह आला. दुसरीला सातवा महिना आहे आणि काळजीने तिला झोप लागत नाही. दोघी पाण्याला एकाच नळावर येतात, पण एकमेकींचे त्यांना ठाऊक नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे संमतीवाचून मी एकीचे दुसरीला सांगू शकत नाही आणि कायदा नसता तरी सांगितले नसते. अंगणवाडीत बैठक घ्यावी असे एका ताईंनी सुचवले. परंतु ठरावीक चारच बायकांना का बोलावले, हे हुडकून काढायला गावाला अर्धा दिवसही लागत नाही. काय करावे?

उत्तर १ : निवृत्त समुपदेशक, सोलापूर

ताई, बैठक गावात नकोच. दोघींना स्वतंत्रपणे एवढेच विचारा, की तुमच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या आईशी बोलायला आवडेल का आणि ती जवळची असावी की लांबच्या तालुक्यातली. पुष्कळ जणी लांबची मागतात, कारण शेजारीण आज मायेची असली तरी उद्या बांधावरून भांडण झाले की काय बोलेल याचा नेम नसतो. होकार आल्यावर भेट एआरटी केंद्रातील, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तेथील, समुपदेशकांमार्फत, गोळ्या न्यायच्या दिवशीच ठरवावी. त्या दिवशी सोलापूरला जाण्याचे वेगळे कारण घरी सांगावे लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला २००१ साली ‘मदर्स टू मदर्स’ हे काम सुरू झाले, तेव्हापासून तेथे अशा अनुभवी मातांना प्रशिक्षण आणि पगार देऊन दवाखान्यातच नेमले जाते. आपल्याकडे मात्र हे काम सेवाभावाने व्हावे अशी अपेक्षा असते, जी मला पटत नाही. एसटीचे तिकीट बायकांना अर्धे झाले तरी त्या दिवसाची मजुरी पूर्णच बुडते.

सातवा महिना असलेल्या ताईंची ३२ ते ३६ आठवड्यांतली व्हायरल लोड तपासणी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते पाहणारी तपासणी, चुकू देऊ नका. बाळाला जन्मल्यावर कोणते औषध किती दिवस द्यायचे, हे ठरवताना तो अहवाल लागतो.

उत्तर २ : एक आई, मोहोळ तालुका

माझ्या वेळी डॉक्टरांनी सगळे नीट समजावले होते, पण घुटीचे काय करायचे ते त्यांना सुचले नसते. सासूबाईंनी पाचव्या दिवशीच सहाण धुऊन जायफळ, हळकुंड, वेखंड काढून ठेवले. पहिले सहा महिने अंगावरचे दूध आणि दवाखान्यातले औषध यांखेरीज बाळाच्या तोंडात काही घालायचे नाही, कारण वरचे आणि अंगावरचे एकत्र दिल्यास लागण होण्याचा धोका वाढतो, हे मला माहीत होते. ते सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगावे, हे कळत नव्हते. केंद्रावर ओळख झालेल्या एका ताईंनी वाट दाखवली : “सहा महिने पाणीसुद्धा नको, हे दवाखान्यात सगळ्याच बाळांना सांगतात; तेवढेच सांग, ते खरेही आहे.” सासूबाई दोन दिवस रुसल्या, मग सहाण पुन्हा माळ्यावर गेली. माझ्या गोळ्यांची बाटली हलली की वाजते, म्हणून तिच्यात कापसाचा बोळा घालण्याची युक्तीही त्या ताईंचीच.

बाळाच्या तपासण्या सहाव्या आठवड्यात, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात झाल्या. प्रत्येक वेळी अहवाल येईपर्यंत त्या ताई माझ्याशी फोनवर फक्त स्वयंपाकाच्या गप्पा मारत, आणि मला तेवढेच हवे असे.

उत्तर ३ : पंढरपूर

व्हॉट्सॲपचा गट मात्र करू नका. गावाकडे फोन एकीचा असतो आणि उघडतात घरातले चौघे.

विचारणा करणाऱ्या ताई

आभारी आहे. मी सातवा महिना असलेल्या आईच्या रक्तदाबाच्या आणि लोहाच्या गोळ्यांच्याच चौकशीत गुंतले होते. सासू घुटी देणार का, हे विचारायचे माझ्या मनातही आले नव्हते. गुरुवारी गृहभेट आहे. आधी तीन वर्षांच्या मुलाच्या आईला विचारते आणि तिने नाही म्हटले, तर तो विषय तेथेच संपवून लांबच्या तालुक्यातली आई मिळते का ते पाहते.