'कॅरेक्टर आर्टिस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

पेठकर:
निळू फुल्यांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतोय आणि पहिल्याच ओळीत 'कॅरेक्टर आर्टिस्ट', म्हणजे नायक सोडून इतर ठळक भूमिका करणारा नट, या शब्दाशी गाडी अडली. 'चरित्र अभिनेते' लिहिलं, तर संपादकबाईंनी समासात विचारलं, "कोणाच्या चरित्रात काम केलं त्यांनी?" बरोबरच आहे. चरित्रपट म्हटलं की एखाद्या थोर माणसावरचा सिनेमा आठवतो. दुसरा शब्द सुचवा.

गवतीचहा:
तो हिंदीतला माल आहे, परत पाठवा. आणि चुकून 'चारित्र्य अभिनेते' छापलं गेलं, तर सगळा तमाशापट डोळ्यांपुढून जाईल!

मुळाक्षर:
'पात्रनट' का नको? शुद्ध आहे, आपला आहे.

खडीसाखर:
वाटी-चमचा घेऊन उभा असलेला नट दिसला मला.

मुळाक्षर:
हसा. पात्र हे 'पा' म्हणजे पिणे या धातूवरून. लेखकाने ओतायचं, नटाने धरायचं.

तळकोकणी:
आमच्या दशावतारात राजपार्टी, स्त्रीपार्टी असतात. त्यातला 'पार्ट' सरळ इंग्रजी. गावात कोणाचं अडलेलं बघितलं नाही.

लाइटमन:
बारा वर्षं शूटिंगवर आहे. "दोन कॅरेक्टर आलेत, मेकअपला पाठव" असंच बोलतात. पण मूळ लेखच चुकलाय असं मला वाटतं. 1972 साली 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आलं, त्यात सखाराम कोण होता? फुलेच. नाटकाला ज्याचं नाव, तो कसला कॅरेक्टर आर्टिस्ट? 'सामना' सिनेमात ते हिंदुराव धोंडे पाटील, समोर डॉ. श्रीराम लागू. त्यातला नायक कोण आणि दुय्यम कोण, ठरवून दाखवा. आणि 'सिंहासन'मधला दिगू पत्रकार तर धड खलनायकही नाही.

पेठकर:
मग एका शब्दात काय लिहू?

लाइटमन:
'नट' लिहा.

मुळाक्षर:
हा पळपुटेपणा झाला. प्रत्येक वेळी 'चालतंय की' म्हणून भाषा चालत नाही.

तळकोकणी:
चालतेच तर आहे, गुरुजी.

खडीसाखर:
माझी आजी त्यांना 'तो मेला' म्हणायची. पडद्यावर आले की पदर सावरून बसायची. पुढे कोणीतरी सांगितलं, हा माणूस राष्ट्र सेवा दलातला आहे, आधी पुण्यात माळीकाम करायचा. आजी म्हणाली, "असेल, पण नजर बघ त्याची."

गवतीचहा:
आजीचा शब्द घ्या, पेठकर. लेख गाजेल.

पेठकर:
संपादकबाईंना काय सांगू ते सांगा हो. उद्या मजकूर द्यायचाय.

खडीसाखर:
त्याआधी एक सांगा. 'बाई, वाड्यावर या' हे नक्की कुठल्या सिनेमात आहे? घरी पैज लागलीय.

लाइटमन:
सगळे नक्कल करतात, सिनेमाचं नाव विचारलं की गप्प.

मुळाक्षर:
आणि 'वाडा' हा शब्द 'वाट'वरून आलाय, हे कोणाला माहीत आहे का? संस्कृतात वाट म्हणजे कुंपण.

तळकोकणी:
आमच्याकडे वाडा म्हणजे गुरांचा.